उजेड हवा, पण उष्णतेचे काय?

प्रकाशसंश्लेषण शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो: सूर्यप्रकाश मिळाला नाही तर दिव्याच्या उजेडात रोप वाढेल का? उत्तर 'वाढेल' असे आहे. या छोट्या उत्तरामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि तो वनस्पतिशास्त्राइतकाच दिव्यांचाही आहे. गंमत अशी की, रोपांसाठी वापरलेले बहुतेक दिवे मुळात रोपांसाठी बनवलेलेच नव्हते. ते रस्ते, कारखाने आणि दुकाने उजळण्यासाठी तयार झाले, स्वस्त झाले आणि मग संशोधकांनी व बागायतदारांनी ते उसने घेतले. प्रत्येक दिव्याबरोबर उष्णताही आली. तिचे काय करायचे, हा प्रश्न दर वेळी नव्याने सोडवावा लागला.

सीमेन्स यांची मोहरी

विजेच्या उजेडात वनस्पतींमध्ये हरितद्रव्य तयार होते, हे फ्रान्समध्ये एर्वे मांगाँ यांनी १८६१ मध्ये दाखवले. पण मोठ्या प्रमाणावर पद्धतशीर प्रयोग केले ते विल्यम सीमेन्स या अभियंत्याने. इंग्लंडमधील टनब्रिज वेल्सजवळच्या आपल्या घरी त्यांनी कार्बन आर्क दिवा लावला. या दिव्यात दोन कार्बन कांड्यांच्या टोकांमध्ये विजेची झगझगीत ज्योत पेटत असे. मोहरी, गाजर, काकडी, खरबूज अशा रोपांच्या कुंड्यांचे त्यांनी चार गट केले. पहिला गट अंधारात, दुसरा फक्त विजेच्या उजेडात, तिसरा फक्त दिवसाच्या उजेडात आणि चौथा दिवसा सूर्यप्रकाशात व संध्याकाळनंतर दिव्याखाली. अंधारातली रोपे पिवळी व किरकोळ राहिली. फक्त दिव्याखालची रोपे फिकट हिरवी पण तग धरलेली होती. चौथ्या गटातली रोपे सर्वांत जोमदार निघाली. मार्च १८८० मध्ये सीमेन्स यांनी हे निष्कर्ष लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले.

या प्रयोगातील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. वीज तयार करण्यासाठी सीमेन्स यांच्याकडे वाफेचे इंजिन होते. इंजिनातून बाहेर पडणारी वाफ थंड करताना जे पाणी गरम होई, ते त्यांनी काचगृहांच्या नळांतून फिरवले. इंग्लंडच्या थंडीत वाया जाणारी उष्णता अशी कामी आली.

उघड्या आर्क दिव्याजवळ मात्र पाने करपू लागली. दिवा आणि रोपे यांच्यामध्ये साधी काच धरली की हा त्रास कमी होई. दोष मुख्यतः अतिनील किरणांचा होता आणि काच ते बरेचसे अडवत असे. अमेरिकेत कॉर्नेल येथे लिबर्टी हाइड बेली यांनाही असाच अनुभव आला. त्यांचे निष्कर्ष १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. डोळ्यांना दिसतो त्याहून अधिक काही दिव्यातून बाहेर पडत असते, हा या प्रयोगांचा धडा होता.

बल्ब आणि पाण्याचा पडदा

तारेचा बल्ब आल्यावर अतिनील किरणांची काळजी मिटली, पण उष्णतेची वाढली. १०० वॅटच्या बल्बमधून जेमतेम पाच ते दहा वॅट ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या रूपाने मिळते. उरलेली बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांच्या म्हणजे उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. दिवा जवळ आणला तर पाने होरपळतात आणि दूर नेला तर उजेड कमी पडतो. लहानशा दिव्याचे अंतर दुप्पट केले की पानावर पडणारा प्रकाश चौथाई होतो. अशा अडचणीतही मिनेसोटा विद्यापीठात हार्वी यांनी केवळ बल्बच्या उजेडात बी पेरून पुन्हा बी धरेपर्यंत झाडे वाढवली. त्यांचा लेख १९२२ चा आहे.

पुढे न्यूयॉर्क राज्यातील बॉइस थॉम्प्सन संस्थेत मोठे बल्ब वापरताना दिवे आणि रोपे यांच्यामध्ये काचेवरून वाहत्या पाण्याचा थर ठेवण्यात आला. पाणी दृश्य प्रकाश जाऊ देते, पण अवरक्त किरणांचा मोठा भाग शोषून घेते. तापलेले पाणी वाहून गेले की उष्णताही खोलीबाहेर जाते. याच संशोधनातून १९३० मध्ये दिसून आले की चोवीस तास उजेड मिळाला तर टोमॅटोच्या रोपांना इजा होते. म्हणजे दिवा बंद करणेही तितकेच महत्त्वाचे!

ट्यूबलाइटचा काळ

१९३८ मध्ये अमेरिकेत ट्यूबलाइट विक्रीला आली ती कारखाने आणि कचेऱ्यांसाठी. तेवढ्याच विजेत ती बल्बपेक्षा कितीतरी अधिक उजेड देते आणि तिची नळी हाताला जेमतेम कोमट लागते. त्यामुळे दिवा प्रथमच रोपाच्या वीतभर अंतरावर आणता आला. १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे फ्रिट्स वेंट यांनी 'फायटोट्रॉन' ही प्रयोगशाळा उभारली. तापमान, आर्द्रता आणि प्रकाश हवे तसे ठेवता येतील अशा तिच्या खोल्यांत ट्यूबलाइटच होत्या. तरीही उष्णता संपली नव्हती. शेकडो नळ्या एका छताला लावल्या की खोली तापतेच, आणि नळी फार तापली तर तिचा उजेडही घटतो. म्हणून अशा खोल्यांत दिव्यांचा कप्पा काचेने वेगळा करून त्यात स्वतंत्र वारा खेळवण्याची आणि तापणारे चोक खोलीबाहेर बसवण्याची पद्धत रूढ झाली.

१९६० च्या दशकात रस्त्यांसाठी उच्च दाबाचे पिवळसर सोडियम दिवे आले. युरोपातील काचगृहांनी ते आपलेसे केले, कारण तिथल्या हिवाळ्यात दिव्याची ऊब उपयोगीच पडते. तोच दिवा बंद खोलीत डोकेदुखी ठरतो.

एलईडीची उष्णता कुठे जाते?

१९९१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी लाल एलईडी आणि निळ्या ट्यूबलाइट वापरून लेट्यूस वाढवल्याचे प्रसिद्ध केले. निळ्या ट्यूब वापरण्याचे कारण म्हणजे तेव्हा पुरेसा प्रखर निळा एलईडी उपलब्ध नव्हता. तो १९९३ मध्ये जपानमध्ये आला आणि त्यातूनच पुढे पांढरा एलईडी जन्मला. आपल्याकडे २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेनंतर एलईडी बल्ब घरोघर पोचला.

रोपांना फक्त लाल आणि निळा प्रकाश लागतो, असा समज आहे. मॅक्री यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार हिरवा प्रकाशही प्रकाशसंश्लेषणाला बऱ्यापैकी उपयोगी पडतो. त्यामुळे पालेभाजीला दुकानातला साधा पांढरा दिवाही चालतो.

एलईडी 'थंड' असतो हेही अर्धसत्य आहे. साध्या ९ वॅटच्या एलईडी बल्बमध्ये सुमारे तीन वॅटचा प्रकाश होतो आणि सहा वॅटची उष्णता. मात्र ही उष्णता किरणांच्या रूपाने पुढे न जाता दिव्याच्या पाठीमागे साठते. म्हणून पान वाचते, पण दिवा स्वतः तापतो, त्याचा उजेड घटतो आणि आयुष्यही कमी होते. दिव्याच्या पाठीशी ॲल्युमिनियम असते ते याचसाठी. असा बल्ब बंद डब्यात लावू नये.

एका गुंठ्याचा हिशोब

मग सगळी शेती खोलीतच का करू नये? हिशोब करून पाहू. महाराष्ट्रात एक चौरस मीटर जागेवर रोज सरासरी सुमारे पाच युनिट सौर ऊर्जा पडते. तिच्यातील साधारण निम्मी, म्हणजे अडीच युनिट, प्रकाशसंश्लेषणाच्या कामाची. चांगला एलईडी विजेच्या निम्म्या भागाचा प्रकाश करतो असे धरले तर चौरस मीटरला रोज पाच युनिट वीज लागेल. एका गुंठ्याला, म्हणजे सुमारे १०० चौरस मीटरला, रोज ५०० युनिट! शिवाय या ऊर्जेचा अगदी लहान भाग पिकात साठतो. उरलेली सारी शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते आणि ती बाहेर काढायला आणखी वीज लागते. लेट्यूसला याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास प्रकाश पुरतो, गहू-ज्वारीला नाही. अमेरिकेत अशी शेती करणाऱ्या एअरोफार्म्स कंपनीने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि बोअरी फार्मिंग २०२४ मध्ये बंद पडली. या व्यवसायाच्या अडचणींमागे कारणे अनेक असली, तरी विजेचे बिल त्यांत ठळक आहे. धान्यासाठी सूर्याला पर्याय नाही. रोपवाटिका, संशोधन आणि थोडी पालेभाजी एवढ्यापुरता दिवा उत्तम.

वर्गात करून पाहा

सीमेन्स यांचे चार गट वर्गात सहज मांडता येतात. मोहरी किंवा मेथी पेरलेल्या चार कुंड्या घ्याव्यात. वीस-वीस वॅटच्या दोन एलईडी ट्यूब रोपांच्या वीतभर वर टांगाव्यात. दुसऱ्या गटाला रोज १४ ते १६ तास आणि चौथ्या गटाला संध्याकाळनंतर पाच-सहा तास दिवा मिळावा. विजेची जोडणी शिक्षकांनीच करावी आणि पाणी घालण्यापूर्वी बटण बंद करावे. रोपांची उंची, पानांची संख्या आणि रंग यांची नोंद पंधरा दिवस ठेवावी. तारेचा जुना बल्ब मिळाला तर त्याच अंतरावर दोन्ही दिव्यांखाली पानांच्या उंचीवर तापमापक धरून फरक पाहावा. दिव्यांच्या वॅटचीही नोंद करावी आणि रोज किती युनिट वीज लागली याचा हिशोब मुलांकडूनच करून घ्यावा.