मदरबोर्ड, कूलर आणि घड्याळाचा वेग : एका मर्यादेचा इतिहास

२६ सप्टेंबर २०२४ रोजी 'परम रुद्र' मालिकेतील तीन महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्यांपैकी एक पुण्याजवळच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी, दुसरा दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रासाठी आणि तिसरा कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस केंद्रासाठी आहे. बातम्यांत त्यांचा वेग आणि खर्च यांचे आकडे आले. त्यामागची दोन कामे मात्र फारशी चर्चेत आली नाहीत : प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, 'रुद्र' या सर्व्हरचा मदरबोर्ड देशातच आरेखित केला, आणि राष्ट्रीय महासंगणन अभियानातील अनेक यंत्रांत प्रोसेसरची उष्णता थेट द्रवाने वाहून नेण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. म्हणजे मदरबोर्ड कोणता आणि थंडावा कसा, हा प्रश्न राष्ट्रीय पातळीवरही तोच आहे, जो बाराव्या इयत्तेनंतर साठवलेल्या पैशांतून स्वतःचा संगणक जुळवणाऱ्या विद्यार्थ्यापुढे असतो. या प्रश्नाला सुमारे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे, आणि तो समजल्याखेरीज प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगापुढे पळवण्याच्या, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच्या, भानगडीत पडू नये.

निर्वात नळ्यांपासून स्फटिकापर्यंत

अमेरिकेतील एनिअॅक या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि ते सुमारे १५० किलोवॉट वीज घेत असे. ही वीज शेवटी उष्णतेतच रूपांतरित होई. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला 'टिफ्रॅक' १९६० मध्ये कार्यान्वित झाला. तोही निर्वात नळ्यांवरच चाले. ट्रान्झिस्टर आणि त्यापुढे एकात्मिक मंडल आल्यावर उष्णतेचा प्रश्न सुटला, असा समज काही काळ रूढ झाला. १९७१ मधील इंटेल ४००४ या चिपमध्ये अवघे २,३०० ट्रान्झिस्टर होते. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकातील ८०८८ हा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाने चाले आणि त्यावर पंखा तर सोडाच, धातूची पन्हाळीदार पट्टीही नसे.

हा वेग ठरे कशाने? मदरबोर्डवरील क्वार्ट्झच्या एका लहानशा स्फटिकाने. स्फटिक ठरावीक लयीत कंप पावतो आणि त्या लयीवर सारे मंडल पावले टाकते. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक असे आणि त्याची वारंवारता निम्मी करून प्रोसेसरला ६ मेगाहर्ट्झ दिली जाई. काही चाणाक्ष वापरकर्त्यांनी तो स्फटिक काढून १६ मेगाहर्ट्झचा बसवला आणि यंत्र ८ मेगाहर्ट्झने चालू लागले. खर्च अत्यल्प, वेगातील वाढ एक तृतीयांश! पुढे आयबीएमने आपल्या प्रारंभिक प्रणालीत वेग तपासणारी चाचणी घातली आणि असे बदललेले यंत्र सुरूच होईनासे केले. ओव्हरक्लॉकिंग आणि त्याला घातलेले कुलूप या दोघांचा इतिहास असा जवळपास एकाच वेळी सुरू होतो.

फुकट मिळालेला वेग

हा जादा वेग आला कोठून? कारखान्यात एकाच तबकडीवर घडलेल्या सर्व चिपा तंतोतंत सारख्या नसतात. उत्पादक त्यांची चाचणी घेतो आणि जो वेग सर्वांना, वाईट परिस्थितीतही, झेपेल तोच छापतो. त्यामुळे बऱ्याच चिपांत थोडी शिल्लक राहते. बाजारातील गरजेनुसार कधी कधी अधिक वेगाची चिप कमी वेगाच्या नावानेही विकली जाते.

याचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण म्हणजे ऑगस्ट १९९८ मधील इंटेल सेलेरॉन ३००ए. त्याचा गुणक ४.५ असा कायम केलेला होता आणि मदरबोर्डची मूळ वारंवारता ६६ मेगाहर्ट्झ. म्हणून वेग ३००. परंतु इंटेलच्याच ४४०बीएक्स या चिपसंचाचे मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झची मूळ वारंवारता देत. तेवढा बदल केला की साडेचार गुणिले शंभर, म्हणजे ४५० मेगाहर्ट्झ. बहुसंख्य नग हा वेग पेलत. गुणकाला कुलूप होते, पण मदरबोर्डने दुसरे दार उघडे ठेवले होते. या घटनेने एक गोष्ट कायमची स्पष्ट केली : वेग चिपमध्ये दडलेला असला तरी तो बाहेर काढायचा की नाही, हे मदरबोर्ड ठरवतो.

आजही तेच आहे. २०१० पासून इंटेलने गुणक मोकळा असलेल्या प्रोसेसरांना 'के' हे अक्षर दिले. परंतु तो गुणक बदलण्यासाठी साधारणतः 'झेड' मालिकेचाच चिपसंच लागतो. एएमडीच्या रायझन मालिकेत बहुतेक प्रोसेसर मोकळे असतात. 'बी' आणि 'एक्स' मालिकेचे मदरबोर्ड ती मुभा देतात, तर स्वस्त 'ए' मालिकेचे प्रोसेसरच्या बाबतीत देत नाहीत. मोकळा प्रोसेसर आणि बंद मदरबोर्ड अशी जोडी विकत घेणे म्हणजे तिजोरी आणून किल्ली दुकानातच ठेवून येणे होय.

डेनार्ड यांचा नियम आणि त्याचा अंत

१९७४ मध्ये आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचे व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी केले, तर ट्रान्झिस्टर वेगवान होतो आणि चिपच्या तेवढ्याच क्षेत्रफळातून बाहेर पडणारी उष्णता मात्र वाढत नाही, हे त्याचे सार. पुढची तीन दशके संगणक उद्योग या नियमावर चालला.

मात्र व्होल्टेज अनिर्बंध कमी करता येत नाही. एका मर्यादेनंतर बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही विद्युत्प्रवाह झिरपू लागतो. २००४ मध्ये ही गळती दाराशी येऊन उभी राहिली. त्या वर्षी इंटेलने 'तेजस' या सांकेतिक नावाचा प्रोसेसर रद्द केला आणि ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची घोषित योजनाही मागे घेतली. २००५ पासून एका चिपमध्ये दोन गाभे बसवणे हा मार्ग घरगुती संगणकातही रूढ झाला. एका घोड्याला अधिक पळवण्याऐवजी दोन घोडे जुंपणे, हे धोरण ठरले.

भारतीय वाचकाला येथे एक जुनी वाट आठवावी. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने १९८६ मध्येच 'फ्लोसॉल्व्हर' हा समांतर संगणक उभा केला होता. अमेरिकेने हवा तसा क्रे महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' साकारला. अनेक ट्रान्सप्यूटर चिपा एकत्र काम करीत, हे त्याचे तत्त्व. हा मार्ग उष्णतेमुळे नव्हे, तर नाकेबंदीमुळे निवडलेला होता, आणि जगात इतरत्रही त्यावर काम चालू होते. तरीही एकेका चिपचा वेग वाढवण्याऐवजी अनेकांची जोडणी करणे हा विचार आपल्या अभियंत्यांना फार आधी पचवावा लागला, ही वस्तुस्थिती आहे.

वेगाची किंमत : एक साधे गणित

चिपमध्ये प्रत्यक्ष कामासाठी खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि तो स्थिर राहावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवावे लागले, तर शक्ती १.१ च्या घनाने, म्हणजे सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. १०० वॉटचा प्रोसेसर १३३ वॉटचा होतो. मिळकत दहा, खर्च तेहतीस!

ही उष्णता काढणे हे कूलरचे काम. समजा, एखाद्या कूलरची क्षमता अशी की दर वॉटमागे चिपचे तापमान हवेपेक्षा ०.३ अंशाने वर राहते. १३३ वॉटला ही वाढ ४० अंश होईल. खोलीत २२ अंश असतील तर चिप ६२ अंशांवर राहील. परंतु मे महिन्यातील नागपूर, चंद्रपूर किंवा राजस्थानातील कोटा येथे पंख्याखालील खोलीत ४० अंश असतील, तर तीच चिप ८० अंशांवर जाईल. बंदिस्त पेटीतील कोंदलेली हवा त्यात आणखी भर घालील. थंड देशांत, वातानुकूलित खोलीत केलेल्या चाचण्यांचे आकडे आपल्या उन्हाळ्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे कूलर निवडताना प्रथम ध्यानात घ्यावे.

मनोऱ्यासारख्या उंच कूलरचे हृदय म्हणजे उष्णतानलिका. अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ती प्रत्यक्षात आणली. बंद नळीतील थोडासा द्रव गरम टोकाला वाफ होतो, थंड टोकाला पुन्हा द्रव होतो आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून माघारी झिरपतो. पंप नाही, हलणारा भाग नाही. द्रवशीतक संचात मात्र पंप असतो. तो उष्णता पेटीच्या कडेला असलेल्या मोठ्या रेडिएटरपर्यंत नेतो, एवढेच. खोलीपेक्षा थंड तो काहीही करू शकत नाही. २०२२ मध्ये एका प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्झची सीमा ओलांडली, ती अतिशीत द्रवरूप वायूच्या साहाय्याने आणि अल्पकाळासाठी. तो विक्रम म्हणून मोठा; रोजच्या अभ्यासासाठी त्याचा उपयोग नाही.

दुर्लक्षित भाग : व्होल्टेज नियामक

वीजपुरवठ्याकडून मदरबोर्डला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला लागतात साधारण १.२. हे रूपांतर प्रोसेसरभोवतीच्या व्होल्टेज नियामक मंडलात होते. १५० वॉट १.२ व्होल्टवर द्यायचे म्हणजे १२५ अँपिअर प्रवाह! मंडलाची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तरी सुमारे १७ वॉट उष्णता मदरबोर्डवरच निर्माण होते. म्हणून हा प्रवाह अनेक शाखांत वाटला जातो. चार शाखा असतील तर प्रत्येकीवर ३१ अँपिअर, दहा असतील तर साडेबारा. मदरबोर्ड पाहताना रंगीत दिव्यांपेक्षा या शाखांची संख्या व प्रत आणि त्यांवरील धातूचे उष्णतापट्टे पाहावेत ते यासाठी.

येथे कूलर आणि मदरबोर्ड यांचा संबंध जुळतो. खाली वारा मारणारा साधा कूलर नियामकालाही थोडी हवा देतो. द्रवशीतक बसवला की प्रोसेसर थंड राहतो, पण नियामकाभोवतीचा वारा थांबतो. तेव्हा पेटीतील पंख्यांची दिशा विचारपूर्वक ठरवावी लागते. साध्या विद्युत्-अपघटनी धारित्राचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, हा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे.

मग आज काय करावे?

आजचे प्रोसेसर स्वतःच तापमान आणि प्रवाह पाहून वेग वाढवतात. पूर्वी हाताने मिळवावी लागणारी बरीचशी शिल्लक कारखान्यातच वापरून टाकलेली असते. शिल्लक संपल्यावर किती बारीक रेषेवर चालावे लागते, हे २०२४ मध्ये दिसले. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांत अस्थिरता आढळली. गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागितले जाणे हे त्यामागचे कारण असल्याचे कंपनीने मान्य केले, दुरुस्ती दिली आणि हमीचा काळ दोन वर्षांनी वाढवला.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एक धोका विशेष लक्षात ठेवावा. वेग ताणलेले यंत्र बंद पडले तर निदान कळते. ते बंद न पडता एखादा अंक चुकवते, तेव्हा कोणालाच कळत नाही. खेळात एखादा ठिपका चुकला तर बिघडत नाही. प्रबंधातील आकडेमोडीत बिघडते. म्हणून ताणलेल्या यंत्रावर दीर्घ चाचणी घ्यावी, एकच गणना दोनदा करून ताडून पाहावी, आणि महत्त्वाचे काम मूळ वेगावरच करावे.

खर्चाचा क्रम असा ठेवावा : आधी चांगला वीजपुरवठा, मग भक्कम नियामक असलेला, पण अवाजवी महाग नसलेला मदरबोर्ड, मग आपल्या गावच्या मे महिन्याला पुरेल असा कूलर, आणि या तिन्हींतून काही उरले तरच वेग वाढवण्याचा विचार. अनेकदा व्होल्टेज थोडे कमी करून तोच वेग टिकवणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण वर्गाचा नियम उलट दिशेनेही तितकाच उदार असतो : व्होल्टेज ५ टक्के कमी केले की त्या शक्तीत जवळजवळ १० टक्क्यांची बचत होते. मात्र हा बदलही वरच्याच चाचणीतून पार पडला पाहिजे.

स्फटिक बदलणाऱ्या त्या वापरकर्त्यांपासून 'रुद्र'च्या आरेखनापर्यंत प्रश्न एकच राहिला आहे : एवढी उष्णता न्यायची कोठे? आपल्या भागात उन्हाळ्यात तुमच्या खोलीचे आणि तुमच्या प्रोसेसरचे तापमान किती असते, हे मोजून खाली नोंदवावे. गावाचे नाव आणि कूलरचा प्रकार अवश्य लिहावा. पुढे जुळणी करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग होईल.