भुकेची यादी

आमच्या घरात पंडिता रमाबाईंचं नाव कुणी घेत नसे. त्या नुसत्या 'बाई'. पणजी म्हणायची, "बाईंनी उचललं म्हणून मी आहे." ते अक्षरशः खरं होतं. मोठ्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या कुठल्याशा गावाबाहेर सात-आठ वर्षांची ती पोर वडाखाली पडून होती. पायांत चालायचं बळ नव्हतं. कुणीतरी तिला उचलून बैलगाडीत घातलं. गावाचं नाव तिला पुढे आठवत नसे. भाऊ मात्र आठवायचा. तो त्याच वडाखाली काही दिवस आधी गेला होता.

तिच्या गोष्टीत साल नसायचं. ते मी पुढे पुस्तकांतून जुळवलं: १८९६-९७ चा दुष्काळ. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या, तिथल्या छावण्यांतली उपासमार पाहिली आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना आसरा दिला. पुण्यात तेव्हा प्लेगची बंधनं आली होती, शारदा सदन या त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेत एवढ्या जणी ठेवणं अशक्य झालं. म्हणून पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला, संस्थेच्या शेतावर त्यांची सोय झाली. 'मुक्ती' या रमाबाईंच्या आश्रमाची वस्ती अशी वाढली.

मुक्तीतल्या जुन्या बायका एक गोष्ट आवर्जून सांगत. बाईंना दुष्काळ पुस्तकात वाचून कळलेला नव्हता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आयुष्यभर तीर्थयात्रा केल्या, पुराणं सांगितली, व्रतं पाळली, हातात आलं ते दानधर्मात घातलं. कुटुंब गावोगाव फिरत राहिलं. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात सगळं संपलं. कष्टाची कामं करायची सवय नाही, मागायची लाज. शास्त्रीबुवांच्या मनात जलसमाधीचा विचार येऊन गेला. शेवटी आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण अशी माणसं गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले. पुढे १९०७ साली रमाबाईंनी आपली साक्ष इंग्रजीत लिहिली, तिच्यात हे सगळं आहे. एवढं पुण्य साठवलेलं घर अन्नावाचून मरतं, हा प्रश्न त्यांना सोळाव्या वर्षी पडला आणि पुढे कितीतरी वर्षं सुटला नाही.

बाप्तिस्म्यानंही तो लगेच सुटला नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथं, लहानग्या लेकीसह, मनोरमेसह, रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. धर्म बदलला, पण मनातली खतावणी तीच राहिली. फक्त जमेची कलमं बदलली. व्रतांच्या जागी प्रार्थना, तीर्थांच्या जागी उपासना, दानाच्या जागी सेवा. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाची कबुली त्यांनी साक्षीत दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं पुस्तक वाचून त्यांचे डोळे उघडले. हा गृहस्थ बराच काळ पाळक म्हणून काम करत होता आणि मग त्याला कळलं, की ज्या तारणाची शिकवण आपण देतो, त्यावर आपण स्वतः विसंबलेलोच नाही. रमाबाईंनी त्यात आपली गोष्ट वाचली. तारण कमवायचं नसतं, दिलेलं घ्यायचं असतं, हे त्यांना तेव्हा उमगलं.

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात ही वाट जुनी आहे. जर्मनीत एर्फुर्टच्या मठात मार्टिन ल्यूथर उपास करी, जागरणं करी, पापांची कबुली देता देता कबुली ऐकणाऱ्यालाच थकवी. रोमकरांस पत्र वाचताना त्याला सापडलं, की देव माणसाला नीतिमान ठरवतो ते विश्वासावर. त्याच्या कमाईवर नाही. १५१७ नंतर त्या एका मुद्द्यावरून युरोपातलं ख्रिस्ती जग दुभंगलं. कॅथलिक चर्चनं कृपा नाकारली नव्हतीच. विश्वासाबरोबर माणसाच्या सहकार्याला आणि सत्कृत्यांना जागा हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. या मुद्द्यावर दोन्हीकडच्यांनी एकत्र सही करायला १९९९ साल उजाडावं लागलं.

आमचे आजोबा पाळक होते. त्यांना हा इतिहास तोंडपाठ. इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय एका हातात आणि याकोबाचं पत्र दुसऱ्या हातात असल्यासारखे ते बोलायचे: कृतीनं तारण नाही, पण कृतीवाचून विश्वास मेलेला. पणजीला या वादात गोडी नव्हती. ती मुक्तीतला दिवस सांगायची. पहाटे घंटा, प्रार्थना, मग काम. कुणी मागावर, कुणी शेतात, कुणी गोठ्यात, कुणी छापखान्यात. पणजी छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. वाचता येण्याआधी तिला अक्षरं उलटी ओळखता यायची. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या आणि मुक्तीतली माणसं दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना घालायचं कुठून? बॉस्टनच्या मंडळानं शारदा सदनाला दहा वर्षांसाठी दिलेली मदतीची हमी तोवर संपून गेली होती. ब्रिस्टलला अनाथालय चालवणाऱ्या जॉर्ज म्युलरची हकिकत रमाबाईंनी वाचली होती. तो माणसांपुढे हात पसरत नसे, देवाकडे मागे. रमाबाईंनीही त्याच भरवशावर संसार मांडला.

इथं वडीलधाऱ्यांची गोष्ट आणि इतिहास थोडे वेगळे होतात. आजीच्या तोंडी गोष्ट सरळ होती: कोठार रिकामं झालं, बाई गुडघ्यांवर गेल्या, आणि टपालानं मनिऑर्डर आली. प्रत्यक्षात त्या प्रार्थनेच्या आजूबाजूला विहिरी खणणं होतं, भाजीचे मळे होते, परदेशी पाठवायचे अहवाल होते, पैशापैशाचे हिशेब होते. हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणण्याचं काम बाई १९२२ साली मरेपर्यंत करत होत्या. कृपेवर विसंबणारी बाई इतकी राबते कशी, असं मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, "अरे, मिळवायचं काही उरलं नव्हतं ना, म्हणून तर हात मोकळे झाले." मला आजोबांच्या दोन पत्रांचा मेळ त्या उत्तरात लागला.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचंही आमच्याकडे कौतुक होतं, कारण ते आमच्या नगरला राहिलेले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. देवाच्या दारी आपली ऐपत चालत नाही, हे त्यांना अभंगांनी आधीच शिकवलं होतं. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. आजोबा त्याला विश्वास म्हणत. आजी म्हणे, "त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना विचारा."

पण पणजीचा एक प्रश्न कुणालाच सुटला नाही. मी काही न करता वाचले, ही कृपा. मग भावानं काय केलं होतं? आजोबांनी तिला देवाच्या गूढ संकल्पाबद्दल सांगून पाहिलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "संकल्प असेल. पण तो माझ्यापेक्षा चांगला पोर होता." ऑगस्टीनपासून सगळे या प्रश्नाशी अडले आहेत. फुकट मिळालेली देणगी दुसऱ्याला का मिळाली नाही, याचं उत्तर देणारा माणूस देणगीचा हिशेब पुन्हा मांडायला बसतो. पणजीनं तो मांडला नाही. आपण वाचलो यात आपली काही थोरवी आहे, असं तिनं कधी मानलं नाही, आणि भाऊ गेला यात त्याचा काही दोष होता, असं कुणाला म्हणू दिलं नाही.

१९७२ च्या दुष्काळात पणजी नव्हती. नगर जिल्ह्यात खडी फोडायची कामं निघाली होती, रेशनवर मिलो ही परदेशी ज्वारी येत होती. आमच्या मंडळीकडे वाटपासाठी धान्याची काही पोती आली, आणि पात्र कुटुंबांची यादी करायला पंच बसले. नियमित उपासनेला येणारी, वर्गणी देणारी, दारू न पिणारी घरं आधी घ्यावीत, असं ठरत आलं होतं. चहा घेऊन आत गेलेली आजी तिथंच उभी राहिली. "माझ्या आईला वडाखाली कुणी पात्रता विचारली नव्हती," ती म्हणाली. एक पंच म्हणाले, "आजी, पोती मोजकी आहेत. यादी तर करावीच लागणार." आजी म्हणाली, "करा ना. भुकेची करा."

आजोबांनी कागद फाडला आणि नव्यानं लिहायला घेतलं. या खेपेला सगळ्यात वर जे घर आलं, तिथला कर्ता पुरुष पिऊन पडलेला असे आणि नाताळलासुद्धा देवळात दिसत नसे. त्याच्या घरात पाच पोरं होती. पंचांपैकी दोघांनी पुढे वर्षभर आजीशी अबोला धरला.