बोगनवेल परकी, मग काजू कुणाचा?

आज जरा वेगळी गोष्ट घेऊन आलो आहोत. तिची सुरुवात आमच्या गटाच्या बैठकीत झाली, आणि भांडणातून झाली.

आमच्या काजू फोडायच्या शेडसमोर चार गुंठे मोकळी जागा आहे. पावसाआधी तिथे काय लावायचं, हा विषय निघाला. तरुण पोरींचं म्हणणं, कुंपणाला बोगनवेल लावू, रंगीत दिसेल, माल घ्यायला येणाऱ्यांना लांबून शेड कळेल. काकींना ते पटेना. "काजू आमचो," त्या म्हणाल्या, "ही कागदाची वेल खयसून इली?" वेल साहेबांच्या बंगल्याची, काजू आपल्या वाडवडिलांचा, असा त्यांचा हिशोब. बैठक संपली, पण तो प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. वेल खरंच कुठून आली? शोधायला बसलो आणि सापडलं ते असं, की दोघं एकाच गावचे. म्हणजे एकाच देशाचे. बोगनवेल ब्राझीलची आणि काजूही ब्राझीलचाच!

काजू आधी आला. पोर्तुगीज 1500 साली ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले. तिथले तुपी लोक या झाडाला 'अकाजू' म्हणत. पोर्तुगीजांनी त्याचं 'काजू' केलं आणि आपण ते तसंच उचललं. दिवाळीला काजूकतली करताना आपण समुद्रापलीकडच्या आदिवासींचा शब्द बोलतो, हे आम्हाला तरी माहीत नव्हतं.

तो आपल्याकडे कधी पोचला, याचा अंदाज दोन जुन्या पुस्तकांवरून येतो. गोव्यात राहणारे वैद्य गार्सिया द ओर्टा यांनी इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेलं पुस्तक 1563 साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात आंबा आहे, फणस आहे, काजू नाही. मग 1578 साली क्रिस्टोव्हाओ दा कोस्टा या दुसऱ्या वैद्यांचं पुस्तक निघालं, त्यात कोचीनच्या बागेतल्या काजूचं वर्णन आहे. म्हणजे साधारण त्याच सुमारास हे झाड आपल्या किनाऱ्यावर रुजत होतं. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा पन्नासएक वर्षं अवकाश होता. तेव्हा काकींचंही अगदीच चुकलं नाही. साडेचारशे वर्षं एखाद्या जागी राहिल्यावर परकं म्हणायचं तरी किती? केरळात मात्र त्याला 'परंगी मावू' असंही नाव पडलं, फिरंग्यांचा आंबा. त्या लोकांची नजर पक्की होती. काजू, आंबा आणि आपला बिब्बा हे तिघं खरोखरच एका कुळातले.

बिब्ब्याचं नाव काढलं की आपल्याला उतणं आठवतं. काजूच्या टरफलातही तसंच जाळणारं तेल असतं. ज्यांनी बी फोडली आहे त्यांना सांगायला नको. कोयतीचा घाव बसला की चीक उडतो, बोटांची सालं निघतात, आठवडाभर भात कालवताना हात चुरचुरतो. 1920 च्या सुमारास केरळात कोल्लमला काजूचे कारखाने वाढले, इथून गर अमेरिकेला जाऊ लागला, आणि तो चीक हजारो बायकांच्या हाताला लागला. बी भाजायचं काम पुरुषांकडे, फोडायचं आणि सोलायचं बायकांकडे, मजुरी किलोवर. पुढे इथली बी पुरेना म्हणून आफ्रिकेतून, मोझांबिकसारख्या भागातून, जहाजं भरून बी येऊ लागली. तिथेही हे झाड पोर्तुगीजांनीच नेलेलं. म्हणजे ब्राझीलचं झाड, आफ्रिकेची बी, कोल्लमच्या बाईचा हात आणि अमेरिकेतल्या माणसाच्या बशीत गर. या साखळीत झाड आणणाऱ्यांचं नाव आहे, कारखानदारांची नावं आहेत. हाताचं नाव कुठे नाही.

आता वेलीकडे येऊ. ती बरीच उशिरा, इंग्रजांच्या काळात, बंगल्यांच्या आणि सरकारी बागांच्या वाटेने आपल्याकडे आली. म्हणून तर तिला साहेबी वास. पण तिच्या नावात एक आख्खी कहाणी दडली आहे, आणि खरं सांगायचं तर आजचं भाषण आम्ही त्या कहाणीसाठीच घेतलं.

नाव आपण 'बोगनवेल' करून टाकलं. शेवटी 'वेल' ऐकू येतं म्हणून आपल्याला ते मराठीच वाटतं. मूळ नाव बूगनव्हिल या फ्रेंच कप्तानाचं. 1766 साली तो पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. त्याच्या मोहिमेतल्या दुसऱ्या जहाजावर कमर्सन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता, आणि कमर्सनबरोबर त्याचा एक नोकर. 1767 च्या जूनमध्ये जहाजं ब्राझीलला, रिओ द जानेरोला थांबली. कमर्सनचा पाय जखमेने सुजलेला, चालणं अवघड. तरी तिथून जी झाडंझुडपं गोळा झाली, त्यांत ही वेल होती. कप्तानाचा मान म्हणून कमर्सनने तिला त्याचं नाव दिलं.

आणि तो नोकर? तो पुरुष नव्हताच. तिचं नाव जान बारे. फ्रान्समधल्या एका मजुराची मुलगी, कमर्सनच्या घरी कामाला असलेली. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बाईला बंदी होती, म्हणून ती पुरुषाचे कपडे घालून चढली. दुखऱ्या पायाच्या मालकाबरोबर डोंगर चढायची, शिदोरी, हत्यारं, झाडं दाबून ठेवायच्या वह्या, सगळं ओझं पाठीवर घ्यायची. तिच्या ताकदीचं आणि धीराचं कौतुक खुद्द बूगनव्हिलने आपल्या प्रवासवर्णनात केलं आहे. रिओला ती वेल नेमकी कुणाच्या हाताने खुडली, हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण ज्याला धड चालता येत नव्हतं तो झुडपात शिरला, की जी ओझी वाहत होती ती? ज्यांनी घरात आणि शेतात काम केलं आहे त्यांनीच ठरवावं.

1768 च्या एप्रिलमध्ये ताहिती बेटावर ती बाई असल्याचं सगळ्यांसमोर उघड झालं. पुढे मॉरिशसला ती आणि कमर्सन उतरले. (त्याच मॉरिशसमध्ये पुढच्या शतकात आपल्या कोकणातली माणसं उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेली. आजही तिथे मराठी घरं आहेत.) कमर्सन 1773 साली तिथेच वारला. मागे राहिलेल्या जानने एक गुत्ता चालवला, एका फ्रेंच सैनिकाशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर ती मायदेशी परतली. पृथ्वीला फेरा घालणारी, आपल्याला माहीत असलेली पहिली बाई ती. 1785 साली सरकारने तिला वर्षाला 200 लिव्ह्र पेन्शन दिली, हे मात्र मानायला हवं. वेलीचं नाव 1789 साली पॅरिसमध्ये छापून कायम झालं. ते अर्थातच कप्तानाचं. कमर्सनला एका झाडाला जानचंही नाव द्यायचं होतं, पण ते टिकलं नाही. त्या झाडाला दुसरंच नाव लागलं. अखेर 2012 साली दक्षिण अमेरिकेतल्या एका रोपाला तिचं नाव मिळालं. वांग्या-बटाट्याच्या कुळातलं आहे ते. ती वारली 1807 मध्ये. दोनशेहून अधिक वर्षं लागली.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा काकी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे वेलीचाय तसाच."

दोघांचं आणखी एक गंमतशीर साम्य आहे. बोगनवेलीचं आपण ज्याला फूल म्हणतो ते फूल नाही. ती रंगीत पानं. खरं फूल मधे, पांढुरकं, काडीएवढं, बहुधा तीन-तीनच्या झुबक्यात. आणि काजूचं बोंडू हे खरं फळ नाही, तो फुगलेला देठ. खरं फळ म्हणजे खाली लटकणारी बी. जांभ्या दगडाच्या कोरड्या माळावर दोघंही तगतात, आणि पाणी जास्त झालं तर बोगनवेल नुसता पालाच काढते. फरक आहे तो पोटाचा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेली वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशी कलमं घरटी लागली आणि आपल्याकडच्या कित्येक घरांचा मार्च ते मे त्या बीवर चालतो. वेलीवर कुणाची चूल पेटत नाही. पण गुरं काट्याला भितात, तेही काही कमी नाही.

आमच्या जागेचं म्हणाल तर दोन्ही लावायचं ठरलं. कुंपणाला बोगनवेलीच्या काड्या, आत काजूची कलमं.

मात्र त्या बैठकीत दुसराच विषय पेटला. गेल्या हंगामात आम्ही चार किलो बीला किलोभर गर या हिशोबाने माल काढला. आता आमच्याकडे बी आधी वाफवतात, पायाने चालणाऱ्या कटरवर फोडतात, म्हणून हात पूर्वीइतके जळत नाहीत. पण आतलं तांबूस साल बोटांनीच काढावं लागतं. गर अख्खा राहिला तर भाव, पाकळी झाली की भाव उतरतो, तुकडा झाला की आणखी. एवढं निगुतीने केलेला माल एका व्यापाऱ्याने घेतला आणि स्वतःच्या नावाच्या पाकिटात भरून विकला. वर झाडाचं चित्र, खाली त्याच्या घराण्याचं नाव. दर ठीक होता, आम्ही काही बोललो नाही.

या वर्षी बोललो. परवान्याचा नंबर घेतला आणि गटाच्या नावाचं लेबल करायला टाकलं. तेव्हा सगळ्यांत धाकटी म्हणाली, "नुसतं गटाचं कशाला? मागच्या बाजूला आपली सगळ्यांची नावं घालू." छापखानेवाले दादा वैतागले. अकरा नावं एवढ्याशा कागदावर बसायची नाहीत म्हणाले. आम्ही म्हटलं, अक्षर बारीक करा.