हार्बर मार्ग खेळात आणायचा, तर कोणत्या सालचा?

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते पनवेल हा हार्बर मार्ग सुमारे ४९ किलोमीटरचा आहे आणि दोन्ही टोके धरून त्यावर २५ स्थानके आहेत. लोकलला हे अंतर कापायला साधारण ऐंशी मिनिटे लागतात. रेल्वे चालवण्याच्या संगणकीय खेळासाठी हे माप फार सोयीचे आहे. सरासरी दर दोन किलोमीटरला थांबा असल्याने खेळणाऱ्याचा हात सतत वेग आणि ब्रेक यांत गुंतलेला राहतो. शिवाय बाराही डबे फलाटात बसतील अशी गाडी उभी करण्याचे कसब लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेसपेक्षा लोकलमध्येच खरे पणाला लागते.

ही गोष्ट जपानी खेळकर्त्यांनी लवकर ओळखली. मिनोरू मुकाइया यांच्या कंपनीने १९९५ मध्ये तोक्योच्या चुओ मार्गावर असा खेळ काढला, आणि त्यानंतर ताइतो कंपनीचा ‘देन्शा दे गो!’ आर्केडमध्ये गाजला. २००१ च्या ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’मध्ये मूळचे सहाच मार्ग होते, त्यांतले दोन जपानमधले. भारतातला एकही नव्हता. मात्र त्या खेळात हौशी लोकांना स्वतःचे मार्ग आणि गाड्या घालता येत, आणि भारतीय इंजिने व डबे त्याच वाटेने त्यात आले. असा मार्ग रचणाऱ्याला आधी एक साल ठरवावे लागते, कारण खांब, फलक, इमारती, गाडीचा आवाज हे सगळे त्या सालावर बेतलेले असते. हार्बर मार्गाच्या बाबतीत ही निवड सोपी नाही.

मार्गाची सुरुवात बंदरासाठी झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने कुर्ला ते रे रोड हा रूळ १२ डिसेंबर १९१० रोजी खुला केला. पुढे रे रोडपासून व्हिक्टोरिया टर्मिनसपर्यंत उन्नत मार्गाने जोडणी झाली, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी भारतातली पहिली विजेवरची गाडी धावली. उद्घाटन मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी केले. वीज १,५०० व्होल्ट डीसी होती. देशातल्या विजेच्या रेल्वेचा आरंभ ज्या रुळांवर झाला, ते अजून रोज वापरात आहेत. मार्ग सुचवायला एवढे एक कारण पुरेसे आहे.

कुर्ल्याहून निघालेला फाटा चेंबूर, गोवंडी, मानखुर्द करत ठाणे खाडीच्या काठाशी अनेक वर्षे थांबला होता. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. पण रेल्वे यायला दोन दशके गेली. तोवर खाडीपलीकडच्या माणसाची भिस्त एसटी आणि बेस्टवर होती. पनवेलला दिव्याहून येणारा रूळ साठच्या दशकापासून होता. मात्र त्याने मुंबई गाठायची म्हणजे दिव्याचा वळसा पडे. मानखुर्द–वाशी मार्ग १९९२ च्या मे महिन्यात सुरू झाला. खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सिडकोचा आणि एक तृतीयांश रेल्वेचा होता. सिडकोचा पैसा वसूल व्हावा म्हणून या पट्ट्यातल्या तिकिटावर अधिभार लावला गेला. पुढच्याच वर्षी गाडी नेरुळ आणि बेलापूरला पोचली, आणि १९९८ मध्ये खांदेश्वरमार्गे पनवेलपर्यंत लोकल धावू लागली.

खांदा कॉलनीचे दिवस या गाडीने बदलले. नवीन पनवेलच्या पश्चिमेला सिडकोने सेक्टर पाडून वसवलेली ही वस्ती आहे. स्थानकाचे नाव खांदा गावातल्या खांदेश्वर महादेवावरून पडले, म्हणजे गावाची खूण नव्या नगराच्या रेल्वे नकाशावर टिकली. लोकल आली तेव्हा फोर्टात नोकरी करून खांद्यात राहणे शक्य झाले.

म्हणून खेळासाठी १९९८ हे साल सर्वांत योग्य ठरते. मार्ग पूर्ण झालेला, पण गाड्या अजून जुन्या डीसी घडणीच्या, नऊ डब्यांच्या. वेग घेताना मोटरला लावलेले रोध टप्प्याटप्प्याने वगळले जात, आणि तो धक्का व आवाज डब्यातही जाणवे. डब्यात पुढच्या स्थानकाची घोषणा नव्हती. प्रवासी खिडकीतून फलक वाचत. मानखुर्द ते वाशी मध्ये एकही स्थानक नाही, म्हणून खाडीपुलावर मोटरमनला जरा मोकळा श्वास मिळे. १९९६ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले होते. ‘महाराज’ हा शब्द नावात २०१७ मध्ये आला. जुन्या सालच्या खेळात हा फलक चुकू नये.

एप्रिल २०१६ मध्ये मार्ग २५,००० व्होल्ट एसीवर गेला आणि त्याच महिन्याअखेरीस बारा डब्यांची लोकल सुरू झाली. तीन फेजच्या नव्या गाड्या ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडतात. त्यांचा वेग सलग वाढतो, टप्पे जाणवत नाहीत. खेळात दोन्ही काळ द्यायचे झाले, तर गाडीच्या चालण्याचे गणितच दोनदा मांडावे लागेल.

खांदेश्वर सोडल्यावर पनवेल येते. हार्बर लोकल तिथे संपते, आणि शेजारच्या फलाटांवरून दिवा, कर्जत आणि कोकणाकडचे रूळ निघतात.