कर्करोग साहाय्यसंघ, फ्रान्समधील इंग्रजीभाषकांचे

फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या इंग्रजीभाषक कर्करुग्णांना व त्यांच्या आप्तांना त्यांच्याच भाषेत धीर व माहिती देण्यासाठी स्थापन झालेल्या स्वयंसेवी संस्था. दॉर्दोन्य, शारांत आदी ग्रामीण प्रदेशांत निवृत्त ब्रिटिशांची वस्ती वाढली, तशी अशा संस्थांची निकड भासू लागली. ‘कॅन्सर सपोर्ट फ्रान्स’ हा त्यांतील सुपरिचित संघ स्थानिक संस्थांच्या द्वारे कार्य करतो.

फ्रान्सची आरोग्यव्यवस्था उदार आहे, हे प्रथम नमूद केले पाहिजे. कर्करोग दीर्घकालीन व्याधींच्या यादीत असल्याने, सरकारी विम्यात नाव दाखल असलेल्या रुग्णाच्या उपचारांचा अधिकृत दराने होणारा खर्च सरकार सोसते. रुग्णालयातील वास्तव्याचे दैनिक शुल्क मात्र त्यात येत नाही. खरी अडचण भाषेची. बाजारहाट व शेजारधर्म यांपुरती फ्रेंच सफाईने बोलणारा मनुष्यही निदान कानी पडताच ती विसरतो; आणि तपासण्यांचे अहवाल रुग्णाच्याच स्वाधीन करण्याची तेथील रीत असल्यामुळे, डॉक्टरांची भेट होण्यापूर्वी, अपरिचित संज्ञांनी भरलेला तो कागद उशाशी ठेवून त्याला रात्र काढावी लागते. २००३ मधील राष्ट्रीय कर्करोग-योजनेने निदान सांगण्याची पद्धती घालून दिली, परिचारिकेने सवडीने समजावून सांगण्याची तरतूदही केली. परंतु ते समजावणे स्वाभाविकपणेच फ्रेंचमध्ये होते. अशा वेळी पती वा पत्नी दुभाषाचे काम करू लागते, आणि स्वतःच दुःखाने ग्रासलेले ते माणूस अशुभ तेवढे गाळून सांगते. हा मोह मनुष्यसुलभ असला, तरी रुग्णाच्या हिताचा नव्हे. म्हणून त्रयस्थ, विश्वासू दुभाषा मिळवून देणे हे अशा संघाचे पहिले कर्तव्य मानावे लागेल.

स्थापनेची कायदेशीर बाजू सोपी आहे. वाल्देक-रूसो यांच्या मंत्रिमंडळाच्या काळातील १ जुलै १९०१ च्या कायद्यान्वये दोन व्यक्तींनी घटना तयार करून प्रीफेक्टच्या, म्हणजे जिल्ह्यातील शासनप्रतिनिधीच्या, कचेरीत दाखल केली व तिची सूचना राजपत्रात आली, की संस्थेस कायदेशीर अस्तित्व लाभते. अल्सास व मोझेल येथे निराळा स्थानिक कायदा असून तेथे सात सभासद लागतात. परकीयांच्या संस्थांना १९३९ च्या हुकुमाने सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक केली होती; ती अट १९८१ मध्ये रद्द झाली.

यापुढचे काम मात्र कागदोपत्री होणारे नाही. दूरध्वनीवर किंवा घरी जाऊन ऐकणारे कार्यकर्ते, ज्यांतील कित्येकांनी हा रोग स्वतः भोगलेला असतो, त्यांना वैद्यकीय सल्ला न देण्याची, ऐकलेले बाहेर न नेण्याची आणि न बोलता बसून राहण्याची तालीम द्यावी लागते. यांतील शेवटची सर्वांत कठीण. अशी माणसे तयार होण्यापूर्वी संघाचा दूरध्वनी-क्रमांक जाहीर करणे म्हणजे संकटात सापडलेल्यांची वंचना होय.

फ्रान्समध्ये १९१८ पासून कर्करोगविरोधी संघ कार्यरत असून त्याच्या जिल्हावार समित्या आहेत. नवा संघ काढू इच्छिणाऱ्यांनी प्रथम आपल्या जिल्ह्याच्या समितीची गाठ घ्यावी.