मुलांनी घडवलेला रस्ता

लहान मुलांसाठी म्हणून जे काही होते, ते बहुधा मोठी माणसे ठरवतात. गोष्ट कोणती सांगायची, गाणे कोणते शिकवायचे, सारे आपणच ठरवायचे. आणि मुले जांभया देऊ लागली की दोष मात्र मुलांचा! ‘हल्लीच्या पोरांचे लक्षच नसते हो,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. अमेरिकेत 10 नोव्हेंबर 1969 रोजी दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या कर्त्यांनी हा न्याय उलटा केला. मुलाने मान फिरवली तर चूक कार्यक्रमाची, असे त्यांनी ठरवून टाकले. ‘सेसमी स्ट्रीट’ हे त्या कार्यक्रमाचे नाव. अलीबाबाचा ‘तिळा तिळा, दार उघड’ हा मंत्र आपल्याला ठाऊक आहेच. त्यातला तीळ तो हाच.

या कार्यक्रमाची सुरुवात एका जेवणात झाली. फेब्रुवारी 1966 मध्ये न्यूयॉर्कला जोन गान्झ कूनी यांच्या घरी काही मंडळी जमली होती. कूनीबाई शैक्षणिक दूरचित्रवाणीसाठी माहितीपट करीत. पाहुण्यांत लॉइड मॉरिसेट हे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी बोलता बोलता सांगितले, की आमची तीन वर्षांची मुलगी भल्या पहाटे उठते आणि कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीचे ते नुसते चाचणीचित्र पाहत बसते. मग त्यांनी विचारले, या पेटीकडून मुलांना काही शिकवता येईल का?

प्रश्न साधा, पण त्यामागचे दुखणे मोठे होते. गरिबांची, विशेषतः कृष्णवर्णीय वस्त्यांतील मुले बालवाडीचे तोंड न पाहताच शाळेत जात आणि पहिल्याच दिवशी मागे पडत. दूरचित्रवाणी संच मात्र दहातील नऊ घरांत होता. मुले त्यावरच्या जाहिराती तोंडपाठ म्हणून दाखवीत, अगदी बीअरच्यासुद्धा! कूनीबाईंनी हेच हेरले. जाहिरातीने बीअर लक्षात राहते, तर अक्षर का राहू नये? छोटे तुकडे, ठेक्याची गाणी, पुन्हा पुन्हा तेच, अशी ती युक्ती त्यांनी उचलली. आजचा कार्यक्रम अमुक अक्षराच्या आणि तमुक आकड्याच्या सौजन्याने, असे मोठ्या ऐटीत सांगितले जाऊ लागले.

1968 मध्ये ‘चिल्ड्रेन्स टेलिव्हिजन वर्कशॉप’ ही संस्था निघाली. सरकार, कार्नेगी आणि फोर्ड या संस्था यांच्याकडून मिळून सुमारे 80 लाख डॉलर उभे राहिले. हार्वर्डचे जेराल्ड लेसर शिक्षणतज्ज्ञांना घेऊन बसले, आणि जिम हेन्सन आपल्या बाहुल्या, म्हणजे ‘मपेट्स’, घेऊन आले.

आता परीक्षेची रीत पाहा. संशोधक एडवर्ड पामर मुलाला संचासमोर बसवीत आणि शेजारी दुसरा पडदा ठेवीत. त्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी नवे चित्र येई. मूल संच सोडून चित्राकडे कधी वळते, याची नोंद होई. जिथे माना वळल्या, तिथे कार्यक्रमाला कात्री!

जुलै 1969 मध्ये फिलाडेल्फियात पाच भाग मुलांना दाखवले. तज्ज्ञांचा सल्ला असा होता, की खरी माणसे आणि बाहुल्या यांना एकत्र आणू नका, मुलांचा गोंधळ उडेल. म्हणून रस्त्यावरच्या प्रसंगांत नुसती माणसेच होती. झाले काय? बाहुल्या आल्या की मुले खिळून बसत, आणि रस्ता आला की चुळबूळ सुरू. कर्ते पेचात पडले. एका बाजूला तज्ज्ञांचे मत, दुसऱ्या बाजूला मुलांच्या माना! त्यांनी मुलांचे ऐकले. रस्त्यावर माणसांत वावरणारा भलामोठा पिवळा पक्षी ‘बिग बर्ड’ आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा तिरसट ‘ऑस्कर’ जन्मले ते यातूनच.

त्या रस्त्यावर काळी-गोरी माणसे शेजारी म्हणून नांदत होती. मुलांना त्याचे काही वाटले नाही. वाटले ते मोठ्यांना. मे 1970 मध्ये मिसिसिपी राज्याच्या दूरचित्रवाणी आयोगाने याच कारणासाठी कार्यक्रम बंद ठेवला. देशभर टीका झाली, आणि 22 दिवसांनी बंदी उठवावी लागली.

आणि शिकवणुकीचे काय? 1970 मध्येच झालेल्या पाहणीत असे दिसले, की जी मुले जास्त पाहत ती जास्त शिकत. यावर आक्षेपही आला. 1975 मध्ये टॉमस कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की सुस्थितीतली मुलेही हाच कार्यक्रम पाहतात, मग गरीब-श्रीमंतांतले अंतर मिटणार कसे? आक्षेप रास्त होता. मात्र पुढे 2015 मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी जुने आकडे तपासले. ज्या भागांत त्या काळी प्रक्षेपण स्पष्ट दिसे, तिथली मुले शाळेत आपल्या वयाच्या इयत्तेत टिकून राहण्याचे प्रमाण अधिक आढळले.

एक प्रसंग सांगायलाच हवा. या रस्त्यावरचे दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली 1982 च्या डिसेंबरात वारले. म्हातारा गावाला गेला, असे सांगून वेळ मारून नेता आली असती. कर्त्यांनी तसे केले नाही. ‘ते मेले, आता परत येणार नाहीत,’ हे बिग बर्डला, म्हणजेच मुलांना, सरळ सांगितले. तो भाग आधी मुलांना दाखवून पाहिला आणि मगच 24 नोव्हेंबर 1983 रोजी प्रक्षेपित केला.

2006 मध्ये हाच रस्ता ‘गल्ली गल्ली सिम सिम’ होऊन हिंदीतून आपल्याकडेही आला. पण त्याची खरी युक्ती घ्यायला संच लागतच नाही. आज रात्री गोष्ट सांगाल, तेव्हा मुलाच्या डोळ्यांकडे पाहा. ते खिडकीकडे वळले, तर मुलाला रागावू नका, गोष्ट बदला.