माशांच्या पताका आणि वाऱ्याची वही

खळ्यावर उपणणी करायची असली म्हणजे आपला शेतकरी आधी मूठभर भूस उधळून पाहतो. वारा कुठून येतो आणि कुठे जातो हे कळल्यावाचून तो पाटी उचलत नाही. एवढीशीच ही गोष्ट. पण जपानातल्या एका शाळेच्या मुलांनी ती आपल्या शहरासाठी केली, आणि मोठमोठ्या तज्ज्ञांना तिची दखल घ्यावी लागली. तीच हकीगत आज तुम्हांला सांगायची आहे.

फुजी पर्वताच्या दक्षिणेस, सुरुगा उपसागराच्या काठी नुमाझू नावाचे शहर आहे. त्याला लागून मिशिमा, आणि दोहोंच्या मध्ये शिमिझू हे लहान गाव. फुजीवर पडणारे पाणी जमिनीत मुरते आणि या भागात स्वच्छ झऱ्यांच्या रूपाने वर येते. डिसेंबर १९६३ मध्ये या तिन्ही ठिकाणी मिळून एक प्रचंड कारखान्यांचा समूह उभारण्याची योजना जाहीर झाली. तेल शुद्ध करण्याचा कारखाना, रसायनांचा कारखाना आणि वीजघर असा तो बेत होता. तो काळ जपानात झपाट्याने कारखाने उभे राहण्याचा. कारखाना आला की गावात पैसा येतो, पोरांना काम मिळते. त्याला नको म्हणणे म्हणजे दारी आलेल्या लक्ष्मीला परत पाठवणे, असे पुष्कळांना वाटे. आणि ते वाटणे काही खोटे नव्हते.

पण असाच समूह योक्काइची या शहरात १९५९ पासून चालू होता. तिथल्या धुराने माणसांना दमा जडतो, मासळीला तेलाचा वास येतो, अशा वार्ता येत होत्या. तेव्हा नुमाझू-मिशिमाकडचे लोक बसगाड्या करून योक्काइचीला गेले. तिथल्या हवेत उभे राहिले, तिथल्या बायाबापड्यांशी बोलले, आणि परत येऊन पाहिलेले शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगू लागले.

आता कोणी म्हणेल, तिकडे झाले म्हणून इकडे होईल कशावरून? प्रश्न रास्त होता. सरकारने तज्ज्ञांचे एक पथक नेमले. मिशिमा शहरानेही आपल्या परीने एक पथक नेमले. मिशिमात अनुवंशशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ मात्सुमुरा त्या पथकाचे प्रमुख झाले. त्यांच्या जोडीला होते कोण? नुमाझूच्या तांत्रिक माध्यमिक शाळेतले शिक्षक. निशिओका आकिओ हे त्यांपैकीच एक.

या शिक्षकांपाशी भारी यंत्रे नव्हती. पण मे महिना होता, आणि जपानात ५ मे हा मुलांचा सण. त्या सुमारास घरोघरी उंच काठीला कापडाचे मासे बांधतात. माशाचे तोंड उघडे असते. त्यात वारा शिरला की मासा फुगतो आणि शेपूट वाऱ्याबरोबर वळते. म्हणजे गावात जितके मासे, तितकी वाऱ्याची यंत्रे! शिक्षकांनी विद्यार्थ्यांना कामाला लावले. शेपूट कोणत्या दिशेला आहे ते पाहायचे, वेळ लिहायची, ठिकाण लिहायचे. या नोंदी एकत्र नकाशावर मांडल्या, तेव्हा वाऱ्याच्या वाटा कागदावर दिसू लागल्या.

शिक्षकांनी आणखी एक गोष्ट तपासली. थंडीच्या दिवसांत पहाटे चुलींचा धूर वर न जाता गावावर आडवा पसरून राहतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची ऊबदार, असे झाले की वरची हवा झाकणासारखी बसते. मग धूर वर जाणार कसा? शिक्षक तापमापक घेऊन मोटारीने डोंगर चढले आणि उंचीबरोबर तापमान कसे बदलते ते त्यांनी मोजले.

मात्सुमुरा पथकाने निष्कर्ष दिला की, येथे प्रदूषणाचा धोका खरा आहे. सरकारी पथकाने सांगितले की, योग्य काळजी घेतल्यास भीती नाही. मग दोन्ही पथके समोरासमोर बसली. शाळामास्तरांनी तज्ज्ञांना प्रश्न विचारले, आणि सरकारी अहवालातल्या उणिवा उघड्या पडल्या. आरडाओरडा करणाऱ्याला गप्प बसवता येते. पण तारीख, वेळ आणि ठिकाण लिहिलेल्या वहीला उत्तर द्यावे लागते.

मिशिमाच्या नगराध्यक्षांनी १९६४ मध्ये योजनेला विरोध जाहीर केला. १३ सप्टेंबरला नुमाझूत सुमारे २५,००० लोकांचा मेळावा झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत नुमाझूनेही नकार दिला. ऑक्टोबर संपता संपता सारी योजना बारगळली.

हे सगळे मुलांच्या वहीने केले असे मी म्हणणार नाही. कोळी, शेतकरी, गृहिणी, डॉक्टर अशा कितीतरी लोकांनी रात्री जागून सभा घेतल्या. योक्काइचीच्या रोग्यांना मात्र न्यायासाठी १९७२ च्या निकालापर्यंत थांबावे लागले. आजार झाल्यावर मिळालेला न्याय आणि आजारच टळणे, यांतले अंतर या दोन शहरांकडे पाहिले म्हणजे कळते.

गुरुजी, तुमच्या शाळेजवळ ओढा असेल, एखादी भट्टी असेल, शहराकडून वाहत येणारा नाला असेल. मुलांना एक वही द्या. पाण्याचा रंग, वास, वाऱ्याची दिशा, दिवस आणि वेळ रोज लिहू द्या. आपल्या समजुतीविरुद्ध काही दिसले तर तेही लिहायला सांगा. कारण खाडाखोड केलेली वही कोणी मानत नाही. वर्षभरात ती वही भरेल. गावाच्या सभेत ती उघडून ठेवा. मग पोरांनी काय पाहिले, ते मोठ्यांना ऐकावेच लागेल.